पोपटीचा परवाना

माझ्या हातात वाळूची बादली होती आणि गजूकाकांच्या हातात परवाना.

"वहिनी, सही," काका म्हणाले.

सासूबाई मडक्यात भांबुर्ड्याचा पाला दाबून भरत होत्या. हात मनगटापर्यंत मसाल्याने माखलेले. त्यांनी मान वरही केली नाही. "कसली सही?"

"हॉट वर्क परमिट. विस्तवाचं काम सुरू करण्याआधी जबाबदार व्यक्तीने सही करायची असते."

"पंचेचाळीस वर्षं पोपटी लावतेय मी, भावोजी. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही हाफ पँटीत होता."

"तेव्हाही सही करायला हवी होती," काका म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

या सगळ्याला मी जबाबदार होते. पोपटी रात्री लावायची नाही, दिवसाउजेडी लावायची, ही अट माझी. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी भरायची, पाण्याचा थेंबही न घालता मडकं तीन दगडांवर पालथं घालायचं आणि चारी बाजूंनी पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायच्या. रोह्याकडे थंडीत घरोघरी लावतात. मी पुण्याची, बी.एस्सी. केमिस्ट्री. मला त्या वर्णनात फक्त 'पेटवून द्यायच्या' एवढंच ऐकू आलं होतं.

तन्मय तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. त्याला घेऊन मी कुठेही गेले की माझं एकच मागणं असे: नेला तसा परत आणता येऊ दे. पुण्याच्या घरात गॅसच्या शेगडीसमोर मी खुर्च्या आडव्या लावून ठेवत असे आणि स्वयंपाक करायला स्वतः त्यांच्यावरून चढून जात असे. संक्रांतीच्या सुट्टीत वाडीवर जायचं ठरलं तेव्हा मी सात नियम कागदावर लिहिले. नवऱ्याने, कौस्तुभने, ते वाचले, हसला आणि म्हणाला, "हे गजूकाकांना वाचून दाखवतो फोनवर. खूश होतील."

गजूकाका म्हणजे माझे चुलतसासरे. लग्न केलं नाही, वाडीवरच्या घरात वहिनीच्या हाताखाली आयुष्य काढलं. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांचं एक वाक्य घरात कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा ते फाटकापाशीच उभे होते. गळ्यात शिट्टी.

"सूनबाई, तुमचा मसुदा वाचला," ते म्हणाले. "चांगला आहे. चार त्रुटी आहेत."

सासूबाईंनी शेवटी सही केली. कागदावर मसाल्याचा अंगठा उमटला तो वेगळाच. काकांनी ओट्याच्या खांबाला खिळा मारून परवाना टांगला आणि मोर्चा माझ्या नणंदेच्या नवऱ्याकडे वळवला. सतीशराव नवा कोरा चकचकीत ट्रॅकसूट घालून, मांडीवर थाप मारत, 'कधी एकदा' अशा चेहऱ्याने बसले होते.

"नायलॉन," काका त्यांची बाही चिमटीत धरून म्हणाले. "पेटलं की वितळतं. वितळलं की कातडीला चिकटतं. बदला."

"काका, दुसरं काही आणलंच नाहीये."

"माझा पायजमा देतो. सुती आहे."

काका पाच फूट तीन, सतीशराव सहाला टेकलेले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा त्यांच्या पोटऱ्यांवरच संपला. त्यांची दहा वर्षांची मुलगी ऋचा खांबामागे जाऊन इतकी हसली की तिला उचकी लागली. मी हसणार इतक्यात काका माझ्याकडे वळले. "सूनबाई. ओढणी."

मी नियम लिहिणारी, आणि माझी ओढणी जमिनीपर्यंत लोंबत होती. मी ती निमूटपणे कमरेला खोचली.

फणसाच्या बुंध्याला जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रंगवलेली पाटी लागली: 'धोक्याच्या वेळी येथे जमावे'. वाऱ्याची दिशा कळायला बांबूच्या टोकाला उशीचा अभ्रा चढला. विहिरीवरून चार बादल्या पाणी आलं. नदीची वाळू मात्र माझी मागणी. सकाळीच घमेल्यांनी आणून फणसाच्या पलीकडे ढीग केला होता. तन्मयने तो बघताच आपली लाल प्लास्टिकची बादली आणि खोरं काढलं.

"ही वाळू खेळायची नाही," मी त्याला म्हणाले. "ही कामाची आहे."

"मग कधी खेळायची?"

"काम झालं की."

त्याने मान डोलावली. माझा मुलगा सांगितलेलं ऐकतो याचा मला त्या काळी फार अभिमान होता.

माझा तिसरा नियम रेघेचा. चुलीभोवती दहा पावलांवर गोल रेघ मारायची आणि बारा वर्षांखालच्या कुणीही ती ओलांडायची नाही. चुन्याची फक्की मिळेना. सासूबाईंनी डब्यातून तांदळाचं पीठ काढून दिलं. "घे गो. तुझं लेकरू राखायला आमचं पीठ." मी वाकून वाकून ती रेघ पुरी केली, सरळ उभी राहिले आणि पाठीमागे बघितलं, तर सासूबाईंच्या पाच कोंबड्या एका ओळीत, माझ्याच गतीने, रेघ वेचत येत होत्या.

"उत्तर सीमा उघडी पडली," काकांनी वहीत लिहून घेतलं.

दोनदा पीठ टाकलं. दोनदा कोंबड्यांनी संपवलं. तिसऱ्यांदा सासूबाईंनी डबा उचलून आत नेला.

चार वाजता मडकं पालथं पडलं आणि जाळ लागला. खरं सांगते, मला वाटलं होतं त्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता. झावळ्या तडतडत होत्या, गोवऱ्यांचा धूर अभ्रा दाखवत होता त्याच्या बरोबर उलट दिशेला जात होता, आणि मी तन्मयला कडेवर घट्ट धरून उभी होते. इतकी घट्ट, की तो म्हणाला, "आई, मला श्वास."

"पेंढा ओला दिसतोय," सतीशराव पायजम्याची नाडी सावरत म्हणाले. "थोडं रॉकेल मारू का वरून?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वही उघडली आणि त्यांचं संपूर्ण नाव लिहिलं.

"अहो, नुसतं विचारलं."

"तेही लिहिलंय."

जाळ जोरात असतानाच शिट्टी वाजली. ड्रिल. सगळ्यांनी हातातलं सोडून फणसाखाली जमायचं. आम्ही जमलो. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पदर खोचून, हातातल्या काठीने गोवऱ्या आत सारत म्हणाल्या, "मडकं सोडून मी कुठे यायची नाही. जळायचंच असेल तर शेंगांबरोबर जळेन."

काकांनी घड्याळ बघितलं. "सव्वातीन मिनिटं," ते शांतपणे म्हणाले. "आपण सगळे मेलो."

मग हजेरी. त्यांच्याकडे लांबट लाल वही होती, कारखान्यातल्यासारखीच रेघा मारलेली. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. "गजानन विठ्ठल म्हसकर," त्यांनी वाचलं, आणि मान वर करून, जणू समोर कुणी दुसराच उभा आहे अशा आवाजात स्वतःच उत्तर दिलं, "हजर." सतीशरावांना खोकल्याचा ठसका लागला. वृंदाताईने, म्हणजे माझ्या नणंदेने, त्यांना कोपराने ढोसलं, पण तिचाही चेहरा पदराआडच होता. आठ नावं, आठ हजर. सासूबाईंनी चुलीपाशी बसूनच आरोळी दिली, ती काकांनी 'दुरून हजर' अशी नोंदवली.

"काय डोक्याला ताप लावून घेतलास," कौस्तुभ माझ्या कानाशी म्हणाला.

"मी फक्त सात नियम लिहिले होते," मी म्हणाले. आणि ते खरंही होतं. मला आता काकांचीच भीती वाटायला लागली होती. मी पंचवीस वर्षांनी कशी दिसेन ते कुणी आधीच रंगवून समोर उभं केल्यासारखं वाटत होतं. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की पुण्याला गेल्यावर शेगडीसमोरच्या खुर्च्या काढायच्या.

पाऊण तासाने सासूबाईंनी ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. थेंब टेकायच्या आत उडून गेले. "झाली," त्या म्हणाल्या. कौस्तुभ आणि सतीशरावांनी ओल्या गोणपाटात धरून मडकं उचललं आणि ओट्यावर नेलं. वास असा सुटला की सगळे त्याच्या मागे ओढले गेले. तन्मय आजीच्या पदराला धरून चालत होता. तो मी स्वतः त्यांच्या हाती दिला होता.

मी मागे थांबले. सहावा नियम माझा होता आणि तो कुणी पाळणार नव्हतं: विस्तव तसाच सोडून जायचं नाही.

सासूबाई ओट्याच्या पायरीवरून वळून म्हणाल्या, "पाणी ओत गो त्याच्यावर. चार बादल्या आहेत."

"वाळू टाकते, आई. वाळूने हवा तुटते. ऑक्सिजन मिळाला नाही की विस्तव विझतो."

"शिकलेली आहेस बाई," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

काका तिकडे बांबूवरून अभ्रा सोडवत होते. अभ्रा नवा होता आणि सासूबाईंनी तो तासाभरात परत मागितला होता. मी घमेल्यांनी वाळू वाहिली. निखारे झाकले, राख झाकली, काठीने वरून सारखं केलं. धूर थांबला. गोल, गुळगुळीत, सपाट वाळू. थोड्या वेळापूर्वी तिथे पुरुषभर जाळ होता हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. मी हात झटकले आणि त्या दिवसात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

ओट्यावर मडकं फुटल्यासारखा गलका चालला होता. पाला बाजूला सारून सासूबाई शेंगा काढत होत्या, वाफेत सगळ्यांचे चेहरे ओले. मी पानावर बसले, पहिली शेंग सोलली, आणि शिट्टी वाजली.

"नाही," वृंदाताई म्हणाली. "नाही म्हणजे नाही."

काका अंगणात उभे होते. खांद्यावर अभ्रा, हातात वही. "परमिट उघडलं तसं बंद करावं लागतं. सगळ्यांनी फणसाखाली. हजेरी झाल्याशिवाय काम संपलं असं म्हणता येत नाही."

"भावोजी, गार होईल."

"एक मिनिट वहिनी."

"काका, इथूनच देतो ना हजेरी," सतीशराव तोंडातल्या बटाट्यातून म्हणाले. "तुम्ही वाचा. आम्ही खातो."

काकांनी थोडा विचार केला. इतक्या वर्षांत त्यांनी बहुधा पहिल्यांदाच एक पायरी खाली उतरायचं कबूल केलं. "ठीक आहे. पण उत्तर स्पष्ट पाहिजे."

"गजानन विठ्ठल म्हसकर." थांबले. "हजर."

"कुसुम म्हसकर."

"हजर, हजर."

"सतीश पाटणे." "हजर." "वृंदा पाटणे." "आहे." "ऋचा." "प्रेझेंट सर." "कौस्तुभ." "हजर." "शलाका." मी हजर म्हणाले.

"तन्मय."

"हजर," मी म्हणाले.

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हजर आहेत साहेब," कौस्तुभ म्हणाला, चिमुकला आवाज काढून.

तिघेही एकाच वेळी बोललो. ऋचा हसली. मी पुढची शेंग उचलली. काकांचा पेन मात्र वहीवर टेकला नाही.

"तीन," ते म्हणाले.

"काय तीन?"

"एका माणसाची हजेरी तीन जणांनी दिली." त्यांनी वही मिटली. "म्हणजे तो इथे नाही."

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी कौस्तुभकडे बघितलं. कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. आजीला वाटत होतं तो बापाच्या मागे बसलाय, बापाला वाटत होतं तो माझ्याजवळ आहे, आणि मला, त्याच्या आईला, काहीच वाटत नव्हतं. मी वालाची शेंग सोलत होते.

मला पुढचं आठवतं ते तुटक आहे. मी ओट्यावरून उडी मारली. काका माझ्या पुढे होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, खांद्यावर उशीचा अभ्रा, सरळ चुलीच्या दिशेने पळत होता. त्यांनी त्याला शोधलं नाही. कुठे जायचं ते त्यांना ठाऊक असल्यासारखे ते पळाले.

तन्मय वाळूच्या कडेला उभा होता. अनवाणी. कोंबड्यांनी रेघ खाल्ली होती तिकडून तो आला असावा. त्याने आपली लाल बादली वाळूत भरायला खुपसली होती, आणि बादलीचा तळ आता नव्हता. लाल चिकट धागे लोंबत होते. तो ते नवलाने बघत होता, पण रडत नव्हता.

"आई," तो म्हणाला, "माझी बादली गळते." आणि खाली काय झालंय ते बघायला त्याने पाय पुढे टाकला.

काकांनी त्याला चड्डीच्या मागच्या पट्ट्याला धरून हवेत उचललं. त्या झोकात त्यांचा स्वतःचा उजवा पाय वाळूत घोट्यापर्यंत गेला. रबरी चपलेचा वास मला अजून येतो. त्यांनी हूं की चूं केलं नाही. आधी मूल माझ्या हातात दिलं, मग पाय बाहेर काढला. चप्पल आत राहिली.

"सूनबाई," ते विहिरीकडे लंगडत जाता जाता म्हणाले, "वाळूने विस्तव झाकला जातो. विझत नाही. आत तसाच राहतो, आणि वरून दिसत नाही. ही तुमच्या मसुद्यातली चौथी त्रुटी. मी सकाळीच सांगणार होतो, पण तुम्ही रेघ मारत होता."

विहिरीच्या कठड्यावर बसून त्यांनी पाय पुढे केला. वृंदाताई टूथपेस्ट घेऊन आली, सासूबाई कोरफड. दोघींना त्यांनी हाताने परतवलं. "नुसतं पाणी. वीस मिनिटं. ऋचा, घड्याळ लाव." कौस्तुभ पोहऱ्याने पाणी काढत राहिला आणि मी तांब्याने त्यांच्या पावलावर धार धरली. एका हाताने, कारण दुसऱ्या हातात तन्मय होता आणि तो मी खाली ठेवणार नव्हते.

मग सतीशराव, त्या आखूड पायजम्यात, विस्तवावर बादलीमागून बादली ओतायला लागले. वाळूतून फुसफुसत वाफ निघत होती. तिसऱ्या बादलीलाही निघत होती.

"तुम्हाला कसं कळलं, काका?" मी विचारलं.

ते पावलाकडे बघत होते. "पाशिलकर म्हणून एक होता आमच्याकडे. फिल्टर विभागात. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आग लागली, सगळे गेटबाहेर आले, मी हजेरी घेतली. पाशिलकरचं नाव घेतलं तर दोघांनी हजर म्हटलं. एकाला वाटलं तो बिडी प्यायला पलीकडे गेलाय. दुसऱ्याला वाटलं, पहिल्याने म्हटलंय म्हणजे असेलच. मित्र होते त्याचे. खाडा लागू नये म्हणून नेहमीच म्हणायचे." त्यांनी पाय जरा फिरवला, धार टाचेवर यावी म्हणून. "एकशे बेचाळीसपैकी एकशे बेचाळीस. आकडा जुळला. मी सही केली आणि कुणाला आत पाठवलं नाही."

सासूबाई पायरीवर टेकल्या होत्या. "भावोजी, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"शेवटपर्यंत कोण ऐकतं, वहिनी."

वीस मिनिटं झाल्याचं ऋचाने सांगितलं. काकांनी वही मागितली. तन्मयच्या नावासमोर पेन धरून त्याला विचारलं, "तन्मय कौस्तुभ म्हसकर?"

तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून होता. माझे ओठ उघडले होते. काकांनी बोट वर केलं, आणि मी ते मिटले.

"हजल," तो म्हणाला.

मग परवान्याच्या तळाशी त्यांनी लिहिलं: 'जखमी एक, किरकोळ. नुकसान: बादली एक, चप्पल एक. काम बंद.' आणि सही केली. पोपटी गार झाली होती. आम्ही ती सगळी खाल्ली.

सोळा वर्षं झाली त्याला. खुर्च्या मी काढल्या, लगेच नाही, पण काढल्या. तन्मय होस्टेलवर आहे. त्याचे मित्र डोंगरावर जाऊन कोंबडी भाजतात तेव्हा म्हणे सगळ्यात शेवटी तो उतरतो, पाण्याचे कॅन रिकामे करून. हे त्याने सांगितलं नाही, त्याच्या मित्राने वैतागून सांगितलं.

यंदाच्या जानेवारीत आम्ही पुन्हा वाडीवर होतो. चार वाजता जाळ लागला. सासूबाई आता खुर्चीत बसून काठीने नुसतं दाखवतात. सतीशराव ठरल्याप्रमाणे तोच पायजमा घालून आले होते, आता तो त्यांचाच झालाय. मडकं उतरल्यावर ऋचाने गळ्यातली शिट्टी वाजवली आणि आम्ही सगळे, एकही तक्रार न करता, फणसाखाली जाऊन उभे राहिलो. लाल वही तीच. नावं काकांच्याच अक्षरातली, नंतर आलेल्यांची खाली वेगळ्या शाईत. काकांना जाऊन दोन वर्षं झाली, पण पहिलं नाव कुणी खोडलेलं नाही.

"गजानन विठ्ठल म्हसकर," ऋचाने वाचलं आणि मान वर केली.

आम्ही नऊ जण होतो. कुणीच बोललं नाही. ज्याची हजेरी त्यानेच द्यायची असते.

ती थांबली, काका थांबायचे तेवढंच. मग तिने पुढचं नाव घेतलं.